वाचकांचे प्रश्न : तळ्याला पाणी सात महिने, मासे वाढवायचे कसे?

या वेळची बहुतेक पत्रे मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची आहेत आणि थोडी नवी मुंबईच्या गावठाणांतली. सगळ्यांचा विषय गोड्या पाण्यातले मासे. उत्तरांतली मापे गुंठ्यावर दिली आहेत. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, आणि त्यात एक मीटर पाणी असेल तर ते १ लाख लिटर भरते. तळे मोजताना बांधाची बाहेरची बाजू धरू नका, पाण्याची कड धरा. खोली चार-पाच ठिकाणी बांबू बुडवून पाहा आणि सरासरी काढा. हे माप चुकले की चुन्यापासून खाद्यापर्यंत पुढचे सगळे चुकते.

प्रश्न : शेतात १५ गुंठ्यांचे मातीचे तळे आहे. पावसात छातीइतके पाणी असते, फाल्गुनात तळ दिसतो. मागच्या जुलैत ५० हजार जिरे सोडले. होळीच्या आधी जाळे ओढले तर जेमतेम २० किलो मासे निघाले, तेही वीतभर. कुठे चुकले? – शेतकरी, धसई (मुरबाड)

जिरे स्वस्त मिळतात म्हणून घेतले जातात, आणि ठाणे जिल्ह्यातल्या हंगामी तळ्यांचे सर्वांत जास्त नुकसान यातच होते. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून निघून तीन दिवस झालेले, ६ ते ८ मिलिमीटरचे पिल्लू. उघड्या तळ्यात बेडूक, चतुराच्या अळ्या, पाठीवर पोहणारे पाणकिडे आणि आधीपासून असलेले लहानमोठे मासे त्याचा फडशा पाडतात. नीट तयार केलेल्या संगोपन तळ्यातही जिऱ्यांपैकी ३० ते ४० टक्क्यांचेच इंचभर बीज होते. तयारी नसलेल्या तळ्यात किती उरतील याचा काही नेम नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जिऱ्याचे बीज व्हायला पंधरा-वीस दिवस आणि बीजाची ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली व्हायला आणखी दोन-तीन महिने लागतात. म्हणजे तुमचा मासा बोटाएवढा झाला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. पुढे थंडी. पौष-माघात पाणी गार पडले की कटला-रोहूची भूक मंदावते आणि वाढही. तोवर पाणी आटायला लागते. माशाला वाढायला चांगले म्हणावेत असे जेमतेम दोन महिने मिळाले.

म्हणून हिशेब पाण्याच्या महिन्यांवरून मांडा. एक मीटरपेक्षा जास्त पाणी तुमच्याकडे जुलैच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत राहते असे धरू. साडेसहा महिन्यांत विकण्याजोगा मासा हवा असेल तर सोडतानाच तो ३० ते ५० ग्रॅमचा असला पाहिजे. याला ‘स्टंटेड’ बोटुकली म्हणतात. आदल्या वर्षीचे बीज गुंठ्याला सुमारे दोन हजार अशा दाटीत, जेमतेम खाद्यावर वर्षभर राखतात. त्याची वाढ खुंटलेली असते. मोकळे पाणी आणि पोटभर खाणे मिळाले की तेच बीज झपाट्याने वाढते. गावात कोणाकडे बारमाही पाण्याचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तळे असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून तिथे असे बीज राखावे. विकत घेण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला जास्त खात्रीचा वाटतो, कारण मोठ्या आकाराचे बीज ऐन जुलैत हवे तेव्हा मिळेलच असे नाही.

संख्या गुंठ्याला ४५ ते ५०. तुमच्या १५ गुंठ्यांना ७०० पुरे : कटला २५०, रोहू २५०, मृगळ १५०, गवत्या ५०. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गवत्याला रोज कोवळे गवत कापून टाकावे लागते. सायप्रिनस (कॉमन कार्प) लवकर वाढतो हे खरे, पण तो बांध उकरतो. आपल्याकडच्या भुसभुशीत लाल मातीच्या बांधाला ते परवडत नाही. ८० टक्के मासे जगले आणि सरासरी साडेपाचशे ग्रॅम भरले तरी ३०० किलो माल निघतो. स्टंटेड बीज मिळालेच नाही तर ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली याच संख्येने सोडा आणि मासा ३०० ते ४०० ग्रॅमचा होईल असे धरून चला. दुप्पट सोडले तर दुप्पट मिळेल ही समजूत मात्र काढून टाका. दुप्पट सोडले तर वीतभरच मिळतील.

प्रश्न : बीज सोडण्याआधी तळे तयार करायचे म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या तळ्यात उन्हाळ्यातही मधे डबके राहते आणि त्यात मरळ, चिलापी असतात. – वाचक, किन्हवली (शहापूर)

कोरडा पडणारा भाग वैशाखात उन्हात तडकू द्या. वरचा काळा, वास मारणारा गाळ खरवडून शेतात टाका, तो उत्तम खत आहे. मग कळीचा चुना. आपल्या भागातली माती बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे, म्हणून आधी पीएच कागदाने तपासा : ७ च्या आसपास असेल तर गुंठ्याला २ किलो, ६ ते ६.५ असेल तर ५ किलो. चुना विझवून, थंड करून तळावर आणि बांधाच्या आतल्या उतारावर पसरा. तोंडाला फडके बांधा आणि डोळे सांभाळा.

चुन्यानंतर आठवडाभर थांबूनच शेण टाका. दोन्ही एकत्र टाकले तर शेणातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. पहिला हप्ता गुंठ्याला २० ते २५ किलो ताजे शेण. पुढे दर पंधरा दिवसांनी ५ किलो, आणि त्याच्या मधल्या आठवड्यात २०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट रात्रभर भिजवून, महिन्यातून एकदा. शेण ढिगाने टाकू नका, पातळ करून शिंपडा. पाणी हिरवट-तपकिरी झाले का हे बघायला हात सरळ बुडवा. पाणी कोपराला लागले की तळहात दिसेनासा व्हावा. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर खत थांबवा. कोपराच्या वर पाणी येऊनही बोटे मोजता येत असतील तर प्लवंग, म्हणजे माशांचे खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव, कमी आहे, अजून खत हवे.

आता डबके. मरळ आणि चिलापी राहिले तर मरळ तुमचे बीज खाईल आणि चिलापी पिल्ले घालून तळे भरेल. शक्य तर पंपाने डबके उपसून काढा, सर्वांत स्वच्छ उपाय तोच. उपसता येत नसेल तर मोहाची पेंड : गुंठा-मीटरला, म्हणजे एक गुंठा आणि एक मीटर खोल पाण्याला, २५ किलो. तुमचे डबके दोन गुंठे आणि अर्धा मीटर असेल तर २५ किलोच होते. पेंड रात्रभर भिजवून, पाणी ढवळून सगळीकडे सारखी पसरा. तिच्यातले सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर काम करते. काही तासांत मासे वर येतात. ते खाता येतात. विषाचा अंमल दोन ते तीन आठवडे राहतो, नंतर तीच पेंड खताचे काम करते, म्हणून शेणाचा पहिला हप्ता निम्मा करा. बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी तळ्यातच हापा, म्हणजे जाळीची पेटी, लावून त्यात दहा-वीस मासे ठेवून पाहा. चोवीस तास टिकले तर पाणी निवळले.

ही पेंड फक्त स्वतःच्या, बंद तळ्यात. ओढ्यात, नदीच्या डोहात किंवा गुरे पाणी पितात त्या ठिकाणी कधीही नाही. आणि मासे मारायला शेतीची कीटकनाशके वापरणाऱ्याने ते मासे घरी खायला नेऊ नयेत, विकू तर नयेच.

प्रश्न : पहिल्या पावसात ओढ्यातून वलगणीचे मासे तळ्यात चढतात. ते चांगले की वाईट? सांडव्यावरून आमचे मासेही जातात. – वाचक, टोकावडे

तुमच्या बीजासाठी वाईट. वलगणीबरोबर शिवडा, मरळ, वाम येतात आणि हे सगळे मांसाहारी. पण त्यांना मारायचे कारण नाही. अंडी घालायला चढणारे मासे आहेत, त्यांना ओढ्याची वाट मोकळी ठेवा आणि तुमच्या तळ्याचे तोंड बंद करा. पाणी आत येते त्या मोरीला बारीक जाळीची पिशवी बांधा, किमान दोन मीटर लांब, म्हणजे पालापाचोळा अडकला तरी पाणी वाहते. सपाट जाळी अर्ध्या तासात तुंबते.

सांडव्यावर बांबूच्या कामट्यांची चाळण उभी न लावता तिरकी लावा, आणि सांडव्याच्या रुंदीच्या दुप्पट लांबीची अर्धगोल लावा. उभ्या चाळणीवर कचरा चिकटतो, पाणी चढते आणि बांधावरून जाते. मासे चाळणीतून जात नाहीत, ते बांध फुटला की जातात. मृगाच्या आधी बांधावरची मुठ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे शोधा. आतल्या बाजूला चिकणमाती मळून ठोकून बसवा, नुसती वरून बुजवू नका. आपल्याकडे एका रात्रीत कोसळणारा पाऊस पाहता बांध पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा हातभर तरी उंच हवा.

प्रश्न : बीज आणताना निम्मे मेले. विक्रेता म्हणतो, तुमचे पाणी खराब. – वाचक, वासिंद

दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायची सोपी रीत आहे. सोडताना शंभर मोजून तळ्यातच लावलेल्या हाप्यात ठेवा आणि ४८ तासांनी मोजा. हाप्यातले मेले आणि तळ्यात जुने मासे ठणठणीत असतील तर दोष बीजाचा किंवा प्रवासाचा.

घेण्यापूर्वी पाटीत पाणी घेऊन हाताने गोल फिरवा. दमदार बीज प्रवाहाच्या उलट पोहते, कमजोर मधे गोळा होते. बीज आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले आहे ना, विचारा. भरल्या पोटी निघाले तर पिशवीतल्या पाण्यात विष्ठा होऊन अमोनिया वाढतो. जाती मिसळलेल्या आहेत का तेही बघा : कटल्याचे डोके मोठे आणि शेपटीच्या मुळाशी ठिपका नसतो, मृगळाला तिथे चौकोनी-तिकोनी काळा ठिपका दिसतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. प्रवास रात्री किंवा पहाटे. भिवंडी बायपासच्या दुपारच्या कोंडीत अडकलेला टेम्पो बीजाला भोवतो.

तळ्यावर आल्यावर पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या, आणखी दहा मिनिटे. लिटरला ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोडा. ओतू नका, पिशवी आडवी करा, ते आपणहून बाहेर येतात.

प्रश्न : खाद्य किती, केव्हा आणि कोणते? तरंगणारे दाणे महाग पडतात. – शेतकरी गट, सरळगाव

भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समसमान हे आपल्या भागात अजूनही सर्वांत सोयीचे. गिरणीतला कोंडा जवळच मिळतो; तूस मिसळलेला मात्र घेऊ नका, त्यात पोषण नाही. एक किलो मासा वाढायला हे मिश्रण साधारण अडीच किलो लागते, तरंगणारे दाणे दीड किलो. दरांची तुलना या आकड्यांनी करा, पोत्याच्या किमतीने नको. दाण्यांचा एक मोठा फायदा म्हणजे मासे खातात की नाही हे डोळ्यांनी दिसते. पण मृगळ वर येऊन खायला नाखूश असतो, त्याच्यासाठी थोडे मिश्रण लागतेच.

प्रमाण माशांच्या एकूण वजनावर. सुरुवातीला ५ टक्के, शंभर ग्रॅमच्या पुढे ३, चारशेच्या पुढे २. ७०० मासे ४० ग्रॅमचे असतील तर एकूण २८ किलो, म्हणजे दिवसाला १ किलो ४०० ग्रॅम. दर महिन्याला पाग (फेकजाळे) टाकून वीस-पंचवीस मासे वजन करा आणि आकडा बदला. हे न करणारे दोनच चुका करतात : एकतर जुलैचेच खाद्य डिसेंबरपर्यंत देतात, नाहीतर पाण्यात पेंड कुजवतात.

मिश्रण फेकू नका. पेंडीच्या रिकाम्या पोत्याला खालच्या अंगाला बोटभर भोकांच्या दोन ओळी पाडा, त्यात भिजवलेले मिश्रण भरा आणि बांबूला अर्धे बुडेल असे टांगा. १५ गुंठ्यांना तीन-चार पोती. रोहू भोकांतून ओढून खातो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, उन्हे पाण्यावर आल्यावर टांगा. दोन-तीन तासांत पोते रिकामे झाले तर बरोबर. दुपारी हात घालून पाहिले आणि लगदा उरला असेल तर उद्या तेवढे कमी. झड लागली, दोन दिवस ऊन नाही, अशा वेळी खाद्य निम्मे करा किंवा बंद ठेवा.

प्रश्न : प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात पाणी आरशासारखे स्वच्छ, पण मासे वाढत नाहीत. – वाचक, वांगणी

स्वच्छ आहे म्हणूनच वाढत नाहीत. कागदाने माती तोडली, मातीतून मिळणारे स्फुरद-पालाश तुटले, तळाचे किडे नाहीत. प्लवंग येणार कुठून? शेण आणि सुपर फॉस्फेट पोत्यात भरून चार कोपऱ्यांत टांगा, दर पंधरवड्याला पोते बदला. नैसर्गिक खाद्य तरी कमीच राहते, म्हणून इथे भर खाद्यावर आणि तेही दाण्यांवर. संख्या मातीच्या तळ्याएवढीच. मृगळ कमी करून कटला-रोहू वाढवा. भाजीला पाणी उपसताना सव्वा मीटरच्या खाली जाऊ नका.

आणि एक विनंती. कागद शेवाळाने निसरडा होतो. आत पडलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर वरच्या खुंटांना बांधून पाण्यात सोडा, एका बाजूला जुने टायर साखळीने बांधून शिडी करा आणि कुंपण घाला. मासे सोडण्याआधी हे करा.

प्रश्न : आमच्या गावठाणातल्या तळ्यात मंडळाने मासे सोडले आहेत. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे मोठे मासे मरून वर आले. रंगातल्या विषाने मेले का? – मंडळाचे सदस्य, नवी मुंबई

तुम्ही दिलेल्या खुणांवरून ऑक्सिजन संपला असे दिसते. विषबाधा असेल तर लहान-मोठे सगळे मासे कोणत्याही वेळी मरतात, बेडूक आणि पाणकिडेही सुटत नाहीत. ऑक्सिजन कमी पडतो तो पहाटे, आणि आधी मोठे मासे जातात. तोंडे उघडी, कल्ले ताणलेले.

कारण निर्माल्य. फुले, दूर्वा, केळीचे खांब, प्रसाद पाण्यात कुजायला दोन-तीन दिवस लागतात, आणि कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात. दिवसा हिरवे प्लवंग ऑक्सिजन तयार करते, रात्री तेही वापरतेच. भाद्रपदात आभाळ भरलेले असेल तर दिवसाची कमाईही कमी. पहाटे चार ते सहा ही वेळ सर्वांत वाईट.

पुढच्या वेळी मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले की ताबडतोब पंप लावा. पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारे टोक, वरच्या थरात बांधा, तळाचा गाळ ओढू नका, आणि पाणी पाइपच्या तोंडाला भोकांचा डबा लावून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा. उन्हे वर येईपर्यंत पंप चालू ठेवा. पुढच्या तीन रात्री दोन वाजल्यापासून लावा, एका रात्रीत हा प्रश्न सुटत नाही. खाद्य व शेण बंद. जांभळी पावडर, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिने पाण्यात ऑक्सिजन तयार होत नाही.

मुळावर उपाय हवा असेल तर मूर्तींसाठी काठावर कृत्रिम हौद आणि निर्माल्यासाठी वेगळे कलश. तळ्यातच विसर्जन करायचे ठरले असेल तर एक कोपरा जाळीने वेगळा करा आणि चोवीस तासांच्या आत निर्माल्य, सांगाडे, कापड सगळे बाहेर काढा. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे वर्षानुवर्षे तळाशी राहतात आणि पुढे जाळे फाडतात. रंगांतले जड धातू गाळात साचतात हा वेगळा धोका आहेच. आणखी एक : तळ्यात सांडपाण्याची वाहिनी उतरत असेल तर तिथले मासे पाणी-गाळाची तपासणी झाल्याशिवाय खाण्यासाठी विकू नका.

प्रश्न : डिसेंबरात मृगळाच्या अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा. बाकीचे मासेही खाजवल्यासारखे बांधाला अंग घासतात. – वाचक, पडघा (भिवंडी)

हे दोन वेगळे त्रास वाटतात. लाल चट्टे आणि जखमा म्हणजे अल्सरचा रोग. मुळाशी ॲफॅनोमायसिस नावाची बुरशी. पाऊस संपून पाणी गार पडू लागले आणि पाण्यात चुन्याचा अंश कमी असला की तो येतो. मरळ, मृगळ आणि ओढ्यातले लहान मासे आधी धरतो. उपाय : गुंठा-मीटरला १ किलो चुना विझवून, गाळून, संध्याकाळी शिंपडा, आठवड्याने पुन्हा. त्यासोबत भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तयार केलेले ‘सिफॅक्स’, गुंठा-मीटरला १० मिलिलिटर, भरपूर पाण्यात मिसळून. मेलेले मासे चुना घालून पुरा, ओढ्यात फेकू नका. शेजाऱ्याचे जाळे आणताना आणि तुमचे देताना आधी कडक उन्हात वाळवा. पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेरच चुना दिलात तर बहुतेक वेळा हे टळते.

अंग घासणे हे माशांच्या उवांचे लक्षण. मासा हातात घेऊन परांजवळ पाहा : चपटी, पारदर्शक, मसुरीएवढी हलणारी टिकली दिसेल. ती अंडी कठीण पृष्ठभागावर घालते. बांबूच्या चटया किंवा फळ्या पाण्यात उभ्या करा, दर तीन-चार दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवा आणि परत लावा. महिनाभर नेटाने केले तर औषधाशिवाय उवा आटोक्यात येतात. शेतातली फवारणीची औषधे तळ्यात ओतण्याचा मोह टाळा.

प्रश्न : वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा पाण्याने भरला आहे. पाणी कायम लालसर गढूळ. – वाचक, अनगाव

काचेच्या बाटलीत पाणी भरून आठवडाभर हलवू नका. निवळले तर गढूळपणा बाहेरून वाहून येणाऱ्या मातीचा आहे. काठाला गवत लावा, पाणी वळवा. तसेच राहिले तर माती पाण्यात तरंगत आहे. गुंठ्याला २० ते २५ किलो शेण देऊन पंधरा दिवस वाट पाहा. नाही जमले तर जिप्सम, गुंठा-मीटरला २० किलो. तुरटी २ किलोतही काम करते, पण ती पाणी आम्ल करते, म्हणून आदल्या दिवशी १ किलो चुना द्या. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, प्लवंग होत नाही, त्यामुळे कटला उपाशी राहतो. पाणी निवळेपर्यंत रोहू-मृगळच सोडा. सायप्रिनस नको, तो तळ उकरून आणखी गढूळ करील. खड्ड्याच्या उभ्या कडा पायऱ्यांसारख्या कापून घ्या, नाहीतर जाळे ओढताच येणार नाही. तिथे कोणी कारखान्याचा कचरा किंवा कापडाची रंगीत घाण टाकली असेल तर खड्डा सोडून द्या.

प्रश्न : मांगूर सहा महिन्यांत किलोचा होतो म्हणतात. – वाचक, कल्याण ग्रामीण

तो आफ्रिकन मांगूर. भारतात त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर असे तलाव नष्ट करण्याची कारवाई ठाणे जिल्ह्यातही झाली. तो पुराच्या पाण्यातून ओढ्यात गेला तर तिथले देशी मासे संपवतो. अजिबात करू नका.

प्रश्न : इमारतीच्या गच्चीवर १० हजार लिटरची बायोफ्लॉक टाकी ठेवावी का? – वाचक, घणसोली

नको. १० हजार लिटर पाणी म्हणजे १० टन वजन, गच्चीचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. शिवाय टाकीत दाटीने मासे वाढवण्याच्या त्या पद्धतीत हवेचा पंप चोवीस तास लागतो; अर्धा-एक तास वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर सगळी टाकी जाते. गावाकडे जमीन असेल तर पैसा मातीच्या तळ्यात घाला.

प्रश्न : आमच्या बचत गटाला गावतळे हवे आहे. कोणाकडे जावे? – महिला गट, डोळखांब (शहापूर)

आधी सातबाऱ्यावर तळे कोणाच्या नावे आहे ते पाहा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि पाटबंधारे यांचे मार्ग वेगळे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे असते, म्हणून ग्रामसभेचा ठराव ही पहिली पायरी. ठरावात गुरांच्या पाण्याची आणि धुण्याची जागा वेगळी नोंदवून घ्या, पुढचे बरेच तंटे वाचतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात.

प्रश्न : तळ्याचा मासा विकायला काढला की भाव पडलेला असतो. – शेतकरी, खर्डी

कारण सगळ्यांची तळी एकाच वेळी आटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा हंगामी माल एकदम बाहेर येतो. एका दिवसात तळे उपसू नका. नोव्हेंबरअखेरपासून ४०० ग्रॅमच्या वरचे मासे दर आठवड्याला थोडे काढा. उरलेल्यांना जागा आणि खाद्य मिळून तेही भरतात. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी आणि एकादशी पाहून दिवस ठरवा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार धरून काढणी केली तर गावातच बराच माल जातो. जिवंत मासा तळ्याच्या काठावर विकला तर बाजारापेक्षा चांगला दर येतो, मधला दलाल आणि बर्फ दोन्ही वाचतात.

बारमाही पाणी असेल तर गणित वेगळे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि ठाणे-कल्याणच्या बाजारात तळ्याच्या माशाला तेव्हा मागणी असते. आषाढी अमावास्येच्या आधीचे आठ दिवस तर सर्वांत चांगले. किमान दोनशे मासे त्या दिवसांसाठी राखा. त्यासाठी मे महिन्यात सव्वा मीटर पाणी टिकले पाहिजे.

बाजारात नेणार असाल तर आदल्या दिवशी खाद्य बंद करा, पहाटे जाळे ओढा, मासे लगेच स्वच्छ पाण्यात धुऊन जेवढा मासा तेवढाच बर्फाचा चुरा, थरावर थर, असे भरा. खोक्याला तळाशी भोक ठेवा. वितळलेल्या पाण्यात बुडालेला मासा दुपारपर्यंत मऊ पडतो. वजन तळ्यावरच स्वतःच्या काट्यावर करा आणि वहीत जातवार लिहा, कारण पुढच्या जुलैत कटला किती आणि रोहू किती हे त्याच वहीवरून ठरेल.